ई-सातच्या वेळा

११ सप्टेंबर, गुरुवार

ही वही ओव्हनसाठी आहे.

आज फैयाज येऊन गेला. शिर्डीच्या सर्व्हिस सेंटरमधला मेकॅनिक. त्यानं ओव्हन उघडला, आत फुंकर मारली, पंखा बोटानं फिरवून पाहिला, परत बंद केला. तो असेपर्यंत ओव्हन वीस मिनिटं बिनतक्रार चालला. तो म्हणाला, "बाई, हे वर्गातल्या पोरांसारखं आहे. साहेब तपासणीला आले की गुणी." त्याची मोठी बहीण सुमैरा राहात्याच्या शाळेत माझ्या वर्गात होती. त्यामुळं मी त्याच्यासाठी मॅडम नाही, बाई.

वही त्यानंच करायला सांगितली. तारीख, वेळ, कोड, आणि त्या वेळी आसपास काय चाललं होतं तेही. कंपनीला लेखी लागतं म्हणाला. मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं. लेखी देणं मला जमेल.

माहितीपुस्तिकेच्या शेवटी तक्ता आहे. ई-एक, दार नीट लागलेलं नाही. ई-तीन, उष्णता मोजणारा भाग बिघडला. ई-पाच, पंखा अडकला. ई-सात, वीजपुरवठा योग्य नाही. माझ्याकडं ई-सात येतो. तीनदा बारीक आवाज होतो, आतला दिवा विझतो, काचेवर लाल अक्षरं उमटतात. मग दहा मिनिटं कशालाच दाद देत नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी ५.४० ई-सात. ६.२५ ई-सात. संध्याकाळी ७.१० ई-सात.

आसपास काही चाललं नव्हतं.

१४ सप्टेंबर, रविवार

फैयाजनं विचारलं होतं, एकट्या माणसाला ओव्हन कशाला. मी सांगितलं, नानकटाईला. ते अर्धंच उत्तर होतं.

ओव्हन शाळेनं निवृत्तीला दिला. वर्षभर खोक्यातच होता. श्रावणात धनश्रीचा फोन आला, सासरहून. धनश्री माझ्या भावाची, सहादेवची मुलगी. आठवा लागलाय, बाळंतपणाला आईकडं येतेय, म्हणाली. मग म्हणाली, "आत्या, तुझ्या हातची नानकटाई खावीशी वाटते. फोन केल्याचं बाबांना सांगू नको." मी म्हटलं, सांगायला बोलणं लागतं.

दिवाळीच्या आधी गावातल्या बायका मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन राहात्याच्या भट्टीवर जातात. डब्यावर नावाची चिठ्ठी लावायची आणि रांगेत बसायचं. लहानपणी मी आणि सहादेव जायचो. तो सायकल चालवायचा, मी मागं डबा धरून बसायचे. आता त्या रांगेत बसले तर शेजारची बाई विचारील, भाऊ बोलतो का. म्हणून ओव्हन खोक्यातून काढला.

धनश्री भिंतीपलीकडं, सहादेवच्या अर्ध्या घरात, येऊन तीन आठवडे झाले. आवाज येतो. हसली तरी कळतं. इकडं आलेली नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

ग्राहक सेवेला फोन केला. मुलीनं पायऱ्या सांगितल्या. प्लग काढून पाच मिनिटं थांबा. काढला, थांबले. दाराचा रबर ओल्या फडक्यानं पुसा. पुसला. दुसऱ्या सॉकेटवर लावून पाहा. न्हाणीघराजवळच्या सॉकेटवर नेऊन लावला. ओव्हन उचलताना मनगट दुखावलं. स्टॅबिलायझर लावा. तो शनिवारीच आणून लावला होता.

मुलगी म्हणाली, घरात दुसरी कुणी व्यक्ती आहे का, जी त्याच वेळी दुसरं उपकरण चालू करत असेल? मी म्हटलं, नाही. तिनं पुन्हा विचारलं, नक्की नाही का. बहुतेक तिच्यासमोरच्या कागदावर तो प्रश्न दोनदा छापलेला असावा.

५.४० ई-सात. ६.३० ई-सात. ७.०५ ई-सात.

पहिली खेप ओव्हनमध्ये असताना कोड आला. नानकटाई वरून कोरडी, आत कच्ची. मीच खाल्ली.

२१ सप्टेंबर, रविवार

आज उलगडलं.

पहाटे ओव्हन रिकामाच लावून समोर स्टूल घेऊन बसले. ५.४० ला कोड आला, आणि त्याच क्षणी पलीकडून मोटरची घरघर सुरू झाली. सहादेव टाकीत पाणी चढवतो. ६.२५ ला पुन्हा कोड. थोड्या वेळानं बादलीचा आवाज, मग त्याचं खाकरणं. म्हणजे पाण्याचा हीटर. संध्याकाळी सातला पुन्हा मोटर.

घर वडिलांनी बांधलं, स्लॅबचं, चार खोल्या. मधली भिंत गेल्या वर्षी पडली, म्हणजे बांधली गेली. अंगणातही पुरुषभर उंचीची भिंत आहे. वडील गेल्यावर सहादेवनं हक्कसोडपत्र टाइप करून आणलं होतं. बहिणी सही करतात. आमच्या गावात न केलेली बहीण मला आठवत नाही. मी जमिनीवर सही केली. घरावर केली नाही. लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला, तेव्हापासून भाड्याच्या खोलीत राहिले होते. निवृत्तीनंतर दोन खोल्या हव्या होत्या, आणि त्या इथंच हव्या होत्या.

सहादेव तहसील कचेरीच्या पायरीवर म्हणाला, "घर घे. मग माहेर न्हाई."

चौदा महिने झाले. तो बोललेला नाही. त्याची बायको राहीबाई त्याच्यासमोर बोलत नाही, आणि तो बहुतेक समोरच असतो.

२३ सप्टेंबर, मंगळवार

५.४० मोटर. ६.२५ सहादेव. ६.५० राहीबाई. तिला कमी पाणी लागतं, कोड लवकर जातो. ८.१५ पुन्हा हीटर, बराच वेळ. ती धनश्री असणार. पाठ शेकत असेल.

आता वहीत कोड लिहीत नाही. कोण ते लिहिते. फैयाजला दाखवताना ही पानं वगळावी लागतील.

२७ सप्टेंबर, शनिवार

कालपासून एकही कोड नाही. पहाटेची मोटर नाही. पलीकडं कुलूप.

ओव्हन दिवसभर नीट चालला. नानकटाईची एक पूर्ण खेप उतरली, बदामी, वर चीर गेलेली. आईची अशीच व्हायची. अर्धा डबा भरला. दर तासाला ओव्हन लावून पाहिला. काही आलं नाही.

दुकानात जाऊन विचारता आलं असतं. पण आपल्या भावाच्या घरी काय चाललंय ते दुकानदाराला विचारायचं, तर आपल्याला माहीत नाही हे आधी सांगावं लागतं.

३० सप्टेंबर, मंगळवार

सकाळी दहाला ई-सात.

दहाला त्यांच्याकडं कुणी अंघोळ करत नाही. पाऊण तास कोड येत जात राहिला. मग भिंतीवरून ओव्याच्या धुरीचा वास आला. मग रडणं. बारीक, एका सुरात, मध्येच थांबून पुन्हा.

पडवीतल्या मोरीवर पाट टाकून न्हाऊ घालत असतील. आम्ही सगळे तिथंच न्हालो. मोरीवरच्या भिंतीला एक काळा डाग होता. आई तो दाखवून म्हणायची, इथं तुझं डोकं टेकायचं.

मुलगा की मुलगी, कळलं नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. चार जण सोनं द्यायला आले, शाळेतले जुने विद्यार्थी. पलीकडं जाऊन मग इकडं आले. त्यातल्या एकाच्या बोलण्यातून कळलं, मुलगी आहे. मला माहीत असल्यासारखी मान हलवली.

१०.०५ ते १०.४०. धनश्रीची मुलगी.

६ ऑक्टोबर, सोमवार

फैयाज आला. वही मागितली. पानं वगळायची राहून गेली. तो उभ्यानं वाचत गेला. मध्ये थांबून म्हणाला, "राहीबाईला कमी पाणी लागतं. हे कंपनीला पाठवू का बाई?" मी वही काढून घेतली.

पण त्याला कळायचं ते कळलं. तो हसायचा थांबला. माझं मीटर उघडलं, तार कुठून येते विचारलं. मी सांगितलं. वाटणी झाल्यावर नवं मीटर घेतलं, पण खांबावरून नवी तार ओढली नाही. त्यासाठी सहादेवच्या छतावर शिडी लावावी लागली असती, म्हणजे त्याला विचारावं लागलं असतं. वायरमनला मीच म्हटलं, जुन्या बोर्डावरूनच फाटा दे. जुना बोर्ड पलीकडं आहे. पडवीत.

फैयाज म्हणाला, ओव्हनला काही झालेलं नाही. दोन्ही घरांची परतीची तार एकाच जोडावर आहे आणि तो जोड सैल पडलाय. पलीकडं हीटर लागला की जोड तापतो, इकडचा दाब खालीवर होतो. बल्बलाही ते कळतं, पण बल्ब सांगत नाही.

मग त्यानं हातातला पेचकस पिशवीत टाकला. "बाई, हा जोड एक दिवस जळणार. जाळ निघंल, नाहीतर तार सुटून खाली येईल. मी आत्ता पलीकडं जाऊन सांगतो."

मी म्हटलं, तू नको. मी सांगते.

"आजच सांगा."

हो म्हटलं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

सांगितलं नाही.

सकाळी अंगणातल्या भिंतीपर्यंत गेले. सहादेव पलीकडं गाईला पेंड भिजवत होता. वास येत होता. काय म्हणायचं ते मनात जुळवलं. तुझ्या पडवीतला बोर्ड. मग वाटलं, तो म्हणेल, आता पडवीपण पायजे का. म्हणणार नाहीही कदाचित. पण ते वाक्य एकदा ऐकू आलं की भिंत ओलांडून जाता येत नाही.

१०.०० ते १०.३५.

८ ऑक्टोबर, बुधवार

दुपारभर ई-सात. मिक्सर, हीटर, मंडपातला पंखा. आज बारसं.

मला बोलावणं नव्हतं. दार आतून लावून बसले, कारण उघडं ठेवलं तर बोलावण्याची वाट पाहतेय असं दिसलं असतं. पाळणा म्हणण्याचा आवाज आला. नाव आत्यानं कानात सांगायचं असतं, म्हणजे बाळाच्या बापाची बहीण. धनश्रीचं नाव मी सांगितलं होतं, सत्तावीस वर्षांपूर्वी, त्याच पडवीत. तिच्या कानाला दुधाचा वास होता.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. नाव ऐकू आलं नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

चिठ्ठी लिहिली. "सहादेव, वीजजोडणीत दोष आहे. मेकॅनिकनं धोका सांगितला आहे. वायरमन बोलवून घ्यावा. चांगुणा." वाचली. मुख्याध्यापकांना केलेल्या अर्जासारखी वाटली. दुसरी लिहिली, त्यात धनश्रीचं आणि बाळाचं नाव घालायला गेले, तर बाळाचं नाव माहीत नव्हतं. दोन्ही फाडल्या.

दहाला ओव्हन रिकामा लावला. १०.०२ ला कोड आला. दहा पस्तीसला गेला. रोज असंच. पहिल्या दिवशी पाऊण तास लागला होता, आता अर्धा. राहीबाईचा हात बसला असावा.

हे मी थांबवीन म्हटलं तर थांबेल. जोड नीट केला, तारा वेगळ्या झाल्या की ओव्हन बोलणार नाही. मला एवढंच कळेल की पलीकडं माणसं आहेत.

असं लिहायला नको होतं. पण वहीत खाडाखोड करायची नाही, असं मीच मुलांना शिकवलं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

फैयाजचा फोन. सांगितलं का?

हो, म्हटलं.

मग काय म्हणाले भाऊ?

बघतो म्हणाला.

फैयाज म्हणाला, बरं झालं, मला त्या लेकराची काळजी होती. फोन ठेवल्यावर बराच वेळ ओट्यापाशी उभी राहिले. एकतीस वर्षांत खोटं बोलणाऱ्या मुलांना मी एकच प्रश्न विचारायचे, कोणाला घाबरून बोललास. बहुतेकांना सांगता यायचं नाही.

उद्या सांगणार.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सांगितलं नाही. काल सहादेव राहात्याला गेला होता. आज घरी होता.

कोड दहाला आला तो अकरापर्यंत गेला नाही. न्हाणं तर साडेदहालाच संपलं होतं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

रात्र झाली आहे. जमेल तसं लिहिते.

दहाला ओव्हन लावला. कोड आला, गेला, आला. आवाज तीनदा न होता सलग होत राहिला. डोक्यावरचा बल्ब एकदम पांढरा झाला, डोळे दिपावेत असा, आणि फुटला. जळक्या रबराचा वास आला. आधी वाटलं ओव्हन जळतोय. प्लग ओढला. वास तसाच. पलीकडून येत होता.

मी अंगणात धावले. धुण्याच्या दगडावर चढले. भिंतीच्या वर डोकं निघालं. पडवी समोरच होती. बोर्डातून निळा जाळ फडफडत होता आणि ठिणग्या खाली पडत होत्या. खाली मोरीत राहीबाई पाय पसरून बसली होती, पायांवर बाळ, पालथं. तिच्या पाठीशी बादलीत हीटर. तिला वरचं दिसत नव्हतं. बाळ रडत होतं, त्यामुळं ऐकूही येत नव्हतं.

मी ओरडले. "राहीबाई, ऊठ. लेकरू घे आणि लांब हो."

तिनं वर पाहिलं. माझ्याकडं. चौदा महिन्यांत पहिल्यांदा. आणि हलली नाही. मी का ओरडतेय ते तिला कळेना. मी पुन्हा ओरडले, बोर्ड दाखवला. सहादेव गोठ्यातून आला, त्यानं पाहिलं, वाळका बांबू उचलला आणि त्यानं खटका खाली पाडला. राहीबाई बाळाला छातीशी धरून अंगणात पळाली. ती उठली तिथं, पाटावर, जळती तार तुटून पडली. पाण्यात पडल्यावर चर्र झालं.

सहादेवनं बांबू खाली टाकला. बाळ रडतच होतं. त्याच्या अंगाला पीठ लावलेलं तसंच होतं.

मी दगडावरून उतरले. उतरताना पाय सरकला. लागलं नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार

मच्छिंद्र वायरमन आला. आधी पलीकडं, मग माझ्याकडं. त्याच्यामागून सहादेव आला. उंबऱ्याबाहेर थांबला. वाटणीनंतर तो माझ्या दारात पहिल्यांदाच उभा होता. केस बरेच पांढरे झालेत. भिंतीवरून नुसते हात दिसायचे, नाहीतर टोपी.

मच्छिंद्र म्हणाला, दोन्ही घरांना खांबावरून वेगळ्या तारा ओढाव्या लागतील. बाईंची आज होईल, त्यांच्याकडं बोर्ड कोरा आहे. पलीकडं भिंतच जळालीय, ती खोदून घ्यावी लागेल, चारपाच दिवस. शिडी छतावर लावू का, त्यानं विचारलं. सहादेव म्हणाला, लाव. एवढंच होतं.

मच्छिंद्र शिडी आणायला गेला. सहादेव तिथंच उभा. टेबलावर माहितीपुस्तिका उघडी होती, तक्त्याचं पान. त्यानं ते दारातूनच पाहिलं.

"तुला कसं कळलं, बोर्ड जळतोय त्ये?"

मी सांगितलं, ओव्हन सांगायचा. मेकॅनिकनं कारण शोधलं.

"कवापास्नं ठावं हुतं?"

कालच कळलं, असं म्हणता आलं असतं. राहीबाईला वाचवलं म्हणून तो आला होता. कदाचित आभार मानायलाही आला असेल. त्याचा चेहरा तसा होता.

"सहा तारखेपासून," मी म्हटलं.

त्यानं मनात दिवस मोजले. ओठ हलले ते दिसलं. लहानपणी पाढे म्हणताना हलायचे तसेच.

"अकरा दिस आक्का," तो म्हणाला. "अकरा दिस लेकरू त्या बोर्डाखाली न्हात हुतं."

आवाज चढला नव्हता. मी माहितीपुस्तिका मिटली. बोलायचं होतं ते सगळं वहीत आहे, आणि ते त्याला दाखवण्यासारखं नाही.

तो गेला. दुपारी माझी वीज आली.

१९ ऑक्टोबर, रविवार

सकाळी दहाला अंगणात हाक ऐकू आली. "वन्सं."

भिंतीवर रिकामी बादली टेकलेली, आणि मागं राहीबाईचं कपाळ. ती पाट्यावर उभी असावी. म्हणाली, आमच्याकडं लाईट न्हाई. चूल मागल्या पडवीत, तिथं मच्छिंद्रनं तारा लोंबत सोडल्यात. गॅसवर दोन्हीकडं तळण चाललंय. "लेकराला न्हाऊ घालायला पानी तापवून देताव का?"

माझ्या दोन्ही शेगड्या मोकळ्या होत्या. मोठं पातेलं चढवलं. कोपर बुडवून पाहिलं, आई पाहायची तसं. बादली भिंतीवरून दिली. जड होती, दोघींनी मिळून धरली.

मी विचारलं, नाव काय ठेवलं?

"निकिता."

मग ती गेली. सहादेवला ठाऊक आहे का, हे विचारायचं राहिलं. पण बादली तिनं बऱ्यापैकी उघड्यावर धरली होती.

२० ऑक्टोबर, सोमवार

पहाटे फटाके. अभ्यंगस्नान एकटीचं. उटणं आणलं होतं, पाठीला हात पोचेना.

दहाला बादली आली. राहीबाईनं विचारलं, बल्ब नवा बसवला का. फुटल्याचं मच्छिंद्रनं सांगितलं असणार. हो म्हटलं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. संध्याकाळी नानकटाईच्या तीन खेपा केल्या. मोटरची वेळ गेली, दिव्यांची वेळ गेली. काचेवर फक्त तापमान. एकशे साठ. शेवटपर्यंत एकशे साठ.

फैयाजचा शुभेच्छांचा फोन आला. त्याला खरं काय ते सांगितलं, चौदा तारखेचंही. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाई, तक्रार बंद करू ना?" कर म्हटलं.

डबा भरला आहे. पाठवलेला नाही. सहा तारखेनंतर माझ्या हातचं कुणी का खावं.

२२ ऑक्टोबर, बुधवार

पाडवा. बादली राहीबाईच घेऊन आली. आज घाईत होती. पाणी दिलं.

दुपारी मच्छिंद्र दोनदा येऊन गेला. संध्याकाळी सातला पलीकडं मोटर लागली. बऱ्याच दिवसांनी ती घरघर ऐकली. ओव्हन चालू होता. तो काही बोलला नाही. अंगणात जाऊन पाहिलं, त्यांच्या पडवीत दिवा होता, नवा, पांढरा.

म्हणजे उद्यापासून बादली नाही. पातेलं घासून वर फळीवर ठेवलं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळपासून गावात गाड्या येतायत. बहिणी उतरतायत, भाऊ न्यायला जातायत. दार पुढं लोटून घेतलं होतं.

दहा वाजून गेले होते. मी तांदूळ निवडत होते. अंगणात पत्र्याचा आवाज झाला. बाहेर आले तर भिंतीवर बादली. राहीबाईची बांगडी दिसेना. बादली धरलेले हात सहादेवचे होते. त्याला पाट्यावर चढायची गरज नव्हती, त्याची टोपी तशीच वर निघते.

मी म्हटलं, थोडं थांबावं लागेल, पातेलं वर ठेवलंय.

"थांबतो," तो म्हणाला.

पाणी तापेपर्यंत वीस मिनिटं लागली. तो तिथंच उभा होता, भिंतीच्या पलीकडं. मी गॅसपाशी उभी. मध्ये एकदा त्याचं खाकरणं ऐकू आलं. मी बादली आणली, त्यानं दोन्ही हातांनी घेतली.

"लई कढत न्हाई ना?"

नाही म्हटलं. कोपर बुडवून पाहिलंय.

त्यानं मान हलवली, पण बादली घेऊन लगेच निघाला नाही. पाण्यातून वाफ येत होती. तो म्हणाला, उद्या दहाच्या आधीच येतो. मग गेला.

लाईट तर त्यांच्याकडं कालच आली. तळणही संपलं असेल. शुक्रवारच्या त्या जाळात त्यांचा हीटर जळाला असावा. आता सणात दुकानं बंद, नवा मिळायला आठवडा तरी जाईल.

मोठं पातेलं खालीच ठेवलं आहे.